खाऱ्या भाताची मुडी

माझ्या लहानपणीच्या स्वयंपाकघराचं छत धुरानं काळं झालेलं होतं आणि त्या छताला, बरोबर चुलीच्या वर, एक तेवढाच काळा गोळा टांगलेला असायचा. ती मुडी. पेंढ्याचा दोर वळून, आत पुढच्या वर्षाचं बी भरून, बाहेरून इतकी घट्ट आवळलेली की बोट दाबलं तर बोटच दुखायचं. सकाळी आई पेज रटरटत ठेवायची, दुपारी सुकट परतायची, संध्याकाळी भाकऱ्या थापायची, आणि या सगळ्याचा धूर मुडीला लागायचा. त्या धुरामुळे बियाण्याला पाखरं, म्हणजे धान्यातले किडे, लागत नाहीत, ते ओल धरत नाही, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलं नाही. मुडी चुलीवरच असते, एवढंच ठाऊक. पुढे मी वनस्पतिशास्त्र शिकलो तेव्हा बियांच्या साठवणीवर एक आख्खा धडा होता. त्यात किती आर्द्रता हवी, किती तापमान हवं याचे तक्ते होते. तो धडा वाचताना मला सुकटीचा वास यायचा.

मुडी धर्मीआत्याची. धर्मीआत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तिचा नवरा गेला आणि ती बाळकुमला माहेरी परत आली. आजोबांनी खाडीलगतचा एक दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा तिच्या नावावर केला. तो भावांपैकी कुणालाच नको होता, कारण उधाणाचं पाणी बांध ओलांडून त्यात शिरायचं आणि दोन-दोन दिवस हटायचं नाही. उन्हाळ्यात त्या जमिनीवर मिठाची पांढरी साय धरायची. दुसरं कुठलंही भात तिथं लावलं की आठ दिवसांत पात्यांची टोकं करपायची. आत्याचं भात मात्र उभं राहायचं. दाणा जाड, लाल, टोकाला लांब कुसळ. पिकायचं थोडंच, पण पिकायचं. आम्ही त्याला नुसतं ‘खारं भात’ म्हणायचो. पाहुणे आले की आई पांढरा तांदूळ काढायची आणि आम्ही घरचे लाल पेज प्यायचो. ती पेज सकाळी पोटात गेली की दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही. सोबत खाडीचे चिंबोरे असले तर मग काही बोलूच नका.

पेरणीची पहिली मूठ सवाष्णीनं टाकायची, असा आमच्याकडे रिवाज. आत्या ती स्वतः टाकायची. शेजारच्या गोमीकाकीनं एकदा आडून आडून सुचवलं, “धर्मी, वैनीच्या हातून टाकून घे गो.” आत्या म्हणाली, “जमीन माझी, बी माझा, नि हात काय वैनीचा?” भात दरवर्षी उगवत होतं, म्हणून बायका गप्प होत्या. आत्याचं हे असं होतं. कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला पुढचं वाक्य सुचायचं नाही.

मी कॉलेजात होतो तोवर आमच्या आजूबाजूची बहुतेक खाचरं भरावाखाली गेलेली. दिवसभर डंपर मागे येतानाचा तो टीं-टीं आवाज आणि मग दगडमातीचा धडधडाट. घरात कुणी मोठ्यानं बोलत असलं तर त्या धडधडाटापुरतं थांबायचं आणि मग वाक्य पुरं करायचं, अशी सगळ्यांनाच सवय झालेली. बिल्डरला आमची जमीन सलग हवी होती आणि आत्याचा तुकडा नेमका रस्त्याच्या तोंडाशी. बाबा दर रविवारी मटण खाऊन झालं की विषय काढायचे.

“ताय, सगल्यांनी सह्या केल्यान.”

“बरा झाला.”

“तुजीच रायलीय.”

“भात पिकतंय तवर सही नाय. पिकाचा थांबला का मंग बोल.” आणि ती ताट उचलून मोरीकडे जायची.

मी कल्याणला संशोधनासाठी लागलो तेव्हा घरात मोठं कौतुक झालेलं. आमच्यात एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. आमची प्रयोगशाळा आंबिवलीच्या बाजूला, मागे थोडी मोकळी जागा आणि हिरव्या जाळीची एक शेड. मार्गदर्शक मॅडम डोंबिवलीच्या. बोलणं अगदी पुस्तकासारखं शुद्ध, पण शेडमध्ये शिरल्या की साडीचा पदर खोचून चिखलात बसायच्या. तिथं दोन कामं चालायची. एका बाजूला काळमेघ. कडू काढ्यातला काळमेघ. त्याच्यातलं औषधी द्रव्य कसं वाढवायचं, हे बघायचं. त्याला थोडं खारं पाणी दिलं, थोडी तहान लावली, तर झाड खुरटतं पण पानातला कडूपणा वाढतो, असं आम्हांला दिसत होतं. दुसऱ्या बाजूला भात. खाऱ्या जमिनीत टिकणारं भात शोधायचं, त्याचा जास्त उतारा देणाऱ्या जातीशी संकर करायचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या पदरात दोन पोती जास्त पडतील.

मी एक दिवस आत्याकडून ओंजळभर बी नेलं. इतर जातींबरोबर ते कुंड्यांत पेरलं आणि मिठाचं पाणी सुरू केलं. पंधराव्या दिवशी बाकीच्या कुंड्या पिवळ्या पडलेल्या आणि आत्याची कुंडी हिरवीगार. मॅडमनी चष्मा काढला, कुंडीला नाक लावलं आणि एकेक पान मोजत बसल्या. मोजून झालं तरी उठेनात. मग म्हणाल्या, “रमेश, रोपं तर आपण मुळांच्या मोजमापासाठी उपटणार. आत्यांकडून आणखी बी मिळेल का, विचार. आणि विचार म्हणजे विचारच हं. न सांगता उचलून आणू नकोस.”

त्याच वर्षी आमच्या घरात गॅस आला. ओटा झाला, पांढऱ्या फरशा लागल्या, चूल फुटली. मुडी कोपऱ्यातल्या खुंटीवर गेली. होळीच्या सुमारास आत्यानं मुडीला कान लावला आणि मला हाक मारली. “पाखरां लागलीन रं.” मुडीच्या खाली फरशीवर भुकटी पडलेली. मग तिनं विचारलं, “तुजे तिकरं गार कपाट हाय नं? त्याच्यान पाखरां जातीन?”

मी म्हटलं, “जातील काय, जन्माची मरतील. नीट वाळवून ठेवलं तर दहा वर्षं काही होणार नाही.” हे खरंच होतं. सांगताना माझी छाती जरा फुगलेली, हेही खरं.

“दहा वरसां नको. मिरगापर्यंत ठेव. त्याच्यातला मूठभर तुज्या मॅडमला दे.” आणि तिनं मुडी काढून माझ्या हातात दिली. सगळी. मागे काही ठेवलं नाही. आत्यानं ते बी नवऱ्याच्या मागे वीस-बावीस वर्षं एका पिकातून दुसऱ्या पिकात सांभाळत आणलेलं, त्याच्याआधी आजीनं. त्या जातीचं भात तेव्हा दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नव्हतं. मी आजूबाजूला सगळीकडे विचारलेलं, म्हणून सांगतो.

आता जे झालं ते. गार कपाटात ठेवण्याआधी बी वाळवावं लागतं. मॅडमनी बजावलेलं की चाळीस अंशांच्या वर जायचं नाही आणि थोडं थोडं करायचं. तेव्हा त्या दहा दिवसांसाठी मुंबईला गेलेल्या. ओव्हनमध्ये सकाळपासून माझेच मातीचे नमुने होते. माती एकशे पाच अंशांवर वाळवतात. मी माती बाहेर काढली, बी ट्रेमध्ये पसरलं, सगळं एकदमच, ट्रेवर ट्रे ठेवले आणि दार लावलं. आकड्याची चकती फिरवायची राहिली. डोंबिवलीला एका मित्राच्या बहिणीचं केळवण होतं. तासाभरात येतो म्हणून गेलो. तिथं वालाचं बिरडं होतं, मठ्ठा होता, हसणं-खिदळणं होतं. परत यायला संध्याकाळ झाली. जिन्यातच वास आला, ताज्या लाह्यांचा. खरं सांगतो, पहिल्या क्षणी मला भूक लागली.

बी दिसायला फारसं बदललेलं नव्हतं. जरा गडद झालेलं, एवढंच. मी प्रत्येक ट्रेमधलं थोडंथोडं घेऊन ओल्या कागदावर मांडलं. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सातव्या दिवशी, सगळ्यांत खालच्या ट्रेच्या एका कोपऱ्यातले, जिथं ओव्हनच्या दाराचं रबर फाटलेलं होतं आणि बी जाड थरात पडलेलं, तिथले तीन दाणे उगवले. पांढरे, नखाच्या कडेएवढे मोड. तीन.

तीन पुष्कळ असतात. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तीन रोपांतून एका हंगामात काही ओंजळी, दुसऱ्या हंगामात एक गोणी. मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी त्या तीन दाण्यांसाठी शेडमध्ये खाट टाकली असती. पण तीन दाणे वाचवायचे तर बाकीच्यांचं काय झालं ते सांगावं लागलं असतं. मॅडम दोनच दिवसांत येणार होत्या. मी कागद गुंडाळला आणि कचऱ्याच्या बादलीत टाकला. उरलेलं बी वॉचमनच्या कोंबड्यांना घातलं. ओव्हनची चकती विसरणं ही चूक होती. माणूस विसरतो. कागद मी विसरून गुंडाळला नाही.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. कल्याणच्या बाजारात एका बी-बियाणंवाल्याकडे मुरबाडकडचं लाल भात मिळालं. तेही जाड, तेही कुसळाचं. मुडीच्या जुन्या दोरांत ते भरायला मला जमेना, म्हणून कापडी पिशवीतून आणलं. आत्यानं पिशवीत हात घातला, दोन दाणे दाताखाली फोडले, मग मूठ नाकाशी नेली.

“वास नाय येत रं.”

“धूर नाही लागला ना आत्या या वेळी.”

“रंग पन उजलाय.”

“मशीनमध्ये वाळवलंय. स्वच्छ होतं.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. संशय नव्हता त्या बघण्यात. “शिकलेल्याचा काम निराला,” ती आईला म्हणाली आणि आईनं मला माशाचं डोकं वाढलं. तिकडे मॅडमना मी सांगितलं की आत्यानं बी परत मागितलं, आता देत नाही म्हणते. मॅडमनी वही मिटली. “त्यांचं आहे, त्यांनी ठरवायचं,” म्हणाल्या. “आपण मागायला नको होतं कदाचित.” मला काळमेघावर घातलं. त्याच कामावर पुढे माझी डॉक्टरेट झाली. ताण पडला की झाडात औषध वाढतं, हे मी सिद्ध केलं. माणसांचं तसं होत असेल तर मला माहीत नाही. माझं झालं नाही.

पहिली मूठ आत्यानंच टाकली. भात छान उगवलं. गोड्या पाण्यावर कुठलंही उगवतं. लावणी झाली, आत्या खूश होती, बाबांना म्हणाली, “बग, यंदा पात किती रुंद.” मी ऐकत होतो. रुंद पात त्या जातीचं नव्हतंच. मग भादव्यात पावसानं दडी मारली, उधाणाचं पाणी आत शिरलं, आणि आठ दिवसांत पात्यांची टोकं करपायला लागली. आत्या रोज जाऊन बांधावर बसायची. एकदा मी शोधायला गेलो तर ती पाण्यात उतरून एकेका पात्याचं करपलेलं टोक नखानं खुडत होती. आजाऱ्याची नखं कापावीत तसं. मला बघून म्हणाली, “तुज्या पुस्तकान काय औशिद हाय याला?” मी नाही म्हटलं. जी लोंबी आली तिच्यात दाणाच भरला नाही.

त्यानंतर बायका बोलल्या. गोमीकाकी आमच्याच ओटीवर बसून, आत्या आत आहे हे माहीत असून, म्हणाली, “मी आदीच सांगत व्हती. पयली मूठ सवासनीची. तिचा हात सुका झाला.” आई कणीक मळत होती, तिनं मान वर केली नाही. मीही तिथंच होतो, हातात चहाचा कप. त्या वेळी एक वाक्य पुरे होतं. बाहेर डंपर खाली होत होता. तो थांबेपर्यंत थांबायचं आणि मग बोलायचं, एवढंच होतं. तो थांबला आणि मी चहा प्यायलो.

आत्यानं त्या महिन्यात सही केली. बाबांनी काही बोलावंही लागलं नाही. तिनंच कागद मागून घेतले. “पिकाचा थांबला,” म्हणाली.

आज तिथं अठरा मजली टॉवर आहे. आठव्या मजल्यावर आम्ही राहतो आणि आत्याही आमच्यातच. बाबा गेले, आई गेली. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात शिकवतो आणि दरवर्षी बियांच्या उगवणक्षमतेचा तास घेतो. मुलं ओल्या कागदावर बी मांडतात. सातव्या दिवशी मोजायला मी वर्गात थांबत नाही, स्टाफरूममध्ये जातो. बायकोला आजवर काही सांगितलेलं नव्हतं. या आठवणी लिहिताना या प्रकरणापर्यंत आलो तेव्हाही वाटलं, की प्रयोगशाळेबद्दल चार ओळी लिहून पुढे जावं. तसं लिहिलंही होतं.

पण गेल्या महिन्यात माझ्या मुलीनं बाल्कनीत कुंड्या आणल्या. मिरचीचं बी तिनं आत्याच्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, “आज्जी, पहिलं तू टाक.” आत्यानं ते एकेक वेचून परत मुलीच्या हातावर ठेवलं. “माजे हातशी नको बाय. माजा हात सुका हाय.” अगदी सहज म्हणाली. जशी कुणी म्हणतं की मला साखर चालत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतक्या वर्षांत तिनं तुळससुद्धा लावलेली नाही. पाणी घालते, पण लावते दुसरंच कुणीतरी. एकाच घरात राहून हे माझ्या डोळ्यांना दिसलं नव्हतं, की मी बघितलंच नव्हतं, हे तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरात आम्ही दोघंच होतो. ती लसूण सोलत होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. माती, चकती, केळवण, कल्याणचं भात. ती सोलत राहिली. माझं संपल्यावर तिनं विचारलं, “येकशे पाच म्हंजे किती?”

“पाणी उकळतं त्याच्याही वर.”

“म्हंजे शिजवलास.”

“हो.”

“मंग टाकलास कुठं?”

“वॉचमनच्या कोंबड्यांना.”

“खाल्ला त्यांनी?”

“खाल्लं.”

“बरा.” लसणीची पुढची पाकळी. मग, “येक पन नाय उगवला?”

इथं मला नाही म्हणता आलं असतं. बघायला आता कोण होतं? मी म्हटलं, “तीन उगवलेले.”

तिचा हात थांबला. मी कागद गुंडाळल्याचं सांगितलं.  ती रडली नाही, मला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मग म्हणाली, “म्हंजे मी टाकला तो माजा बीच नव्हता.”

“नव्हतं.”

“हातान काय खोट नव्हती.”

“नव्हती आत्या.”

“येवरी वरसां मी बोलतंय माज्यामुलं गेला. माज्या आयशीचा बी माज्या हातशी गेला.” तिनं लसणीची थाळी बाजूला सारली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “चपला घाल.”

“कुठं?”

“मना येकलीला सांगून काय व्हनार? हात सुका मी काय पयली बोलली व्हती? चपला घाल.”

रोज संध्याकाळी टॉवरखाली, पार्किंगच्या कडेला, जुन्या बाळकुमच्या चार म्हाताऱ्या बाकांवर येऊन बसतात. लिफ्टमध्ये आत्या आरशाकडे पाठ करून उभी होती. मी म्हटलं, आत्या, उद्या सांगू का.  खाली गेलो तर चौघीही होत्या. मधोमध गोमीकाकी, आता नव्वदीला टेकलेली, पाय खाली पोचत नाहीत म्हणून हलवत बसलेली. आत्या तिच्या समोरच्या बाकावर बसली. मला बसायला सांगितलं नाही.

“यो काय सांगतंय ते आयका,” ती म्हणाली.

मी सांगितलं. घरात सांगितलं त्यापेक्षा लवकर संपलं, कारण मी भराभरा बोललो, आणि खाली बघून. त्यांच्यातल्या जनाकाकीनं तोंडावर हात ठेवला. कुणीतरी “आगं बाय” म्हटलं. गोमीकाकीनं शेजारणीला कोपरानं ढोसलं आणि विचारलं, “क बोलतंय यो? पोराचा लगीन ठरला?”

“तिला आयकू येत नाय,” आत्या मला म्हणाली. “पयल्यापासून बोल. मोट्यानं.”

गेटवरचा वॉचमन आमच्याकडे बघत होता. एक रिक्षा आत येऊन थांबलेली, तिच्यातून तिसऱ्या मजल्यावरचे शहा उतरत होते. मी गोमीकाकीच्या कानाशी वाकायला लागलो, तर आत्यानं माझी बाही धरून मला सरळ उभं केलं. मग मी तिथूनच, सगळ्या पार्किंगला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, सांगायला सुरुवात केली, की काकी, धर्मीआत्याचा हात सुका नव्हता, बी मी जाळलं.